चेटकिणींचे मलम कोणी शिजवले?

पश्चिम युरोपातल्या चेटकिणींचा विषय निघाला की आज एक खुलासा हमखास ऐकायला मिळतो. त्या बायका खुरासानी ओवा, बेलाडोना, मँड्रेकचे मूळ, बचनाग अशा विषारी वनस्पती गोळा करत, चरबीत शिजवून त्यांचे मलम करत आणि ते अंगाला चोळून निजत. मग आपण झाडूवर बसून उडालो, डोंगरावर सैतानाच्या मेळ्याला गेलो, नाचलो, जेवलो असे भास त्यांना होत आणि पुढे न्यायाधीशासमोर त्या हेच भास खरे समजून सांगत. खुलासा पटण्याजोगा आहे. त्याला सैतान लागत नाही, चमत्कार लागत नाही. वनस्पतीतली रसायने आणि माणसाचा मेंदू एवढ्यावर भागते. शिवाय त्यात त्या बायकांविषयी थोडी सहानुभूतीही आहे. तरीही मूळ कागद काळाच्या क्रमाने लावून वाचले तर मला तो टिकताना दिसत नाही. हे मलम बायकांच्या चुलीवर शिजल्याचा पुरावा फार थोडा आहे. ते पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या विद्वानांच्या, विशेषतः वैद्यांच्या, पुस्तकांत शिजल्याचा पुरावा मात्र भरपूर आहे. सुमारे १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत युरोपात चाळीस ते साठ हजार माणसे चेटूक केल्याच्या आरोपावरून मारली गेली आणि त्यांतल्या बहुसंख्य बायका होत्या. त्यामुळे आरोपीच्या हातात मलमाचा डबा होता हे आपण कशाच्या आधारावर धरून चालतो, हा प्रश्न जुन्या पाककृतीपुरता राहत नाही.

लेप लावून उडण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या शतकात अपुलेयसने लिहिलेल्या लॅटिन कादंबरीत पँफिली नावाची जादूगारीण डबीतले मलम अंगभर चोळते आणि घुबड होऊन उडून जाते. संत ऑगस्टीनने या कादंबरीचा उल्लेख केलेला असल्यामुळे मध्ययुगातल्या धर्मपंडितांना ती परकी नव्हती. पण ज्या मजकुराने पुढची पाचशे वर्षे चर्चची भूमिका ठरवली त्यात मलमाचा मागमूस नाही. प्र्यूमच्या मठाचा माजी प्रमुख रेजिनो याने ९०६ च्या सुमारास एक नियम नोंदवला: काही बायकांना वाटते की आपण रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून दूरदूर जातो, हा झोपेतला भ्रम आहे आणि तो खरा मानणे हेच पाप आहे. म्हणजे उड्डाण हे स्वप्न असल्याचे चर्चचे अधिकृत मत होतेच आणि ते सिद्ध करायला चर्चला एकाही वनस्पतीची गरज पडली नव्हती. माणसाला स्वप्न पडते, एवढे कारण पुरेसे होते.

१४३० च्या दशकात चित्र बदलू लागले. आल्प्सच्या आसपास चेटकिणींचा एक संघटित पंथ असल्याची भीती याच काळात आकार घेत होती. डोमिनिकन संन्यासी योहान्नेस नायडर याने त्या दशकात लिहिलेल्या ग्रंथात एका म्हातारीची गोष्ट आहे. आपण डायनाबरोबर उडतो असे ती म्हणे. एका संन्याशाने तिला साक्षीदारांसमोर उडून दाखवायला सांगितले. तिने बाकावर कणीक मळायची काथवट ठेवली, तीत बसली, मंत्र म्हणत अंगाला मलम चोळले आणि गाढ झोपली. झोपेत ती इतकी हलली की काथवटीसकट खाली पडली आणि डोक्याला खोक पडली. जागी झाल्यावर संन्याशाने तिला सांगितले की तू इथून कुठेही गेली नव्हतीस. मलम इथे आहे, पण कशाचे ते नायडर सांगत नाही आणि त्याला त्याची जरुरी वाटत नाही. त्याचा रोख जुन्याच नियमावर आहे. या गोष्टीचा सांगाडा मात्र पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी जसाच्या तसा परत येतो, हे लक्षात ठेवायला हवे.

न्यायालयांना ज्या मलमात रस होता ते वेगळेच होते. १४८६ च्या सुमारास छापल्या गेलेल्या ‘मालेयुस मालेफिकारुम’ या कुप्रसिद्ध ग्रंथात चेटकीण आपले मलम मारलेल्या मुलांच्या, विशेषतः बाप्तिस्मा न झालेल्या मुलांच्या, अवयवांपासून करते आणि ते खुर्चीला किंवा काठीला फासते. त्यात औषधीचे नाव नाही. हे सहज समजण्यासारखे आहे. फिर्यादीला शाबीत करायची होती बालहत्या आणि सैतानाशी केलेला करार. रानातली मुळी त्याच्या काही उपयोगाची नव्हती. मुळी नैसर्गिक असते, तिला गुण असतो, आणि गुणाने घडलेल्या गोष्टीत सैतानाचा हात दाखवणे अवघड जाते. म्हणून पंधराव्या शतकातल्या जबान्यांत लहान मुलांची चरबी, रक्त आणि हाडांची भुकटी पुनःपुन्हा येते, तर वनस्पती आली तरी अधूनमधून आणि बिननावाची येते.

नावानिशी वनस्पती सांगणारी सगळ्यात जुनी कृती सापडते ती एका वैद्याच्या हातची. योहान्नेस हार्टलीब हा म्युनिकला बायर्नच्या ड्यूकचा वैद्य होता. १४५६ मध्ये त्याने निषिद्ध विद्यांवर जर्मन भाषेत एक पुस्तक लिहिले आणि त्यात उडण्याच्या मलमाच्या सात वनस्पती दिल्या, आठवड्याच्या प्रत्येक वारी एक खुडायची. रविवारी सूर्यामागे तोंड फिरवणारी, सोमवारी चंद्राच्या नावाची लुनारिया, मंगळवारी व्हर्बेना, बुधवारी बुधाची मर्क्युरियालिस, गुरुवारी गुरूच्या दाढीची, शुक्रवारी शुक्राच्या केसांची म्हणजे आपल्याकडच्या हंसराजाच्या जातीची. शनिवारची वनस्पती त्याने मुद्दाम सांगितली नाही, कोणी करून पाहू नये म्हणून. शिवाय पक्ष्याचे रक्त आणि जनावराची चरबी. वार, ग्रह आणि औषधी यांची सांगड मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. हे पंचांगाचे तर्कशास्त्र आहे. या यादीतली एकही वनस्पती त्वचेतून शिरून माणसाला भ्रम घडवत नाही. हंसराजाने खोकल्याला उतार पडेल, उड्डाण घडणार नाही. मलमाच्या कल्पनेचा उगम धुंदी आणणाऱ्या वनस्पतींच्या प्रत्यक्ष वापरात असेल, तर तिची सगळ्यात जुनी सविस्तर कृती इतकी निरुपद्रवी का, याचे उत्तर त्या खुलाशाकडे नाही. हार्टलीबने न सांगितलेली सातवी वनस्पतीच खरी होती असे कोणी म्हणेल. परंतु उरलेल्या सहांची निवड पूर्णपणे ग्रहांवरून झालेली असताना सातवी तेवढी रसायनशास्त्रावरून झाली असेल, हे मानायला काही आधार नाही.

धुंदीच्या वनस्पती मलमात येतात त्या सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि येतात तेव्हा एकदम गर्दी करून येतात. १५५० मध्ये जेरोलामो कार्दानो या मिलानच्या वैद्य-गणितज्ञाने मुलाची चरबी, बचनाग, रिंगणी-धोतऱ्याच्या कुळातली सोलॅनम आणि काजळी अशी यादी छापली. १५५८ मध्ये नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने ‘नैसर्गिक जादू’वरच्या आपल्या पुस्तकात तशाच दोन कृती दिल्या, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पोर्ता एका म्हातारीची गोष्टही सांगतो. तिने दाराआड कपडे उतरवून मलम चोळले, ती निजली, पोर्ता आणि सोबत्यांनी आत जाऊन तिला मारले तरी ती जागी झाली नाही, आणि उठल्यावर आपण समुद्र आणि डोंगर ओलांडून आलो असे सांगू लागली. नायडरची काथवट तेवढी इथे नाही. बाकी सारे तेच आहे.

या वनस्पती आल्या कुठून? त्यासाठी चेटकिणीच्या झोपडीपर्यंत जावेच लागत नाही. कोपऱ्यावरच्या औषधविक्याच्या फळीवर त्या होत्याच. मध्ययुगातले शस्त्रवैद्य रोग्याला गुंगी आणण्यासाठी अफू, खुरासानी ओवा, मँड्रेक आणि हेमलॉक यांच्या रसात भिजवून वाळवलेला स्पंज वापरत. पॉप्लरच्या कळ्यांपासून केलेले ‘पोपुलेऑन’ नावाचे हिरवे मलम वेदनेवर आणि निद्रानाशावर सर्रास विकले जाई आणि त्यातही खुरासानी ओवा, मँड्रेक, अफूच्या झाडाची पाने पडत. म्हणजे अंगाला चोळून झोप आणणारे, विषारी वनस्पतींचे मलम त्या काळी खरोखर होते आणि ते कायदेशीर होते. ते घडवणारे आणि लिहून देणारे लोक पुरुष होते, शिकलेले होते. चेटकीण काहीतरी चोळून निजते असे ऐकल्यावर वैद्याच्या मनात पहिल्यांदा काय येणार? आपल्याच कपाटातली बरणी. माझ्या मते सोळाव्या शतकातल्या त्या याद्या अशाच तयार झाल्या.

या मताविरुद्धचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आंद्रेस लागुना आहे आणि त्याला नीट ऐकून घेणे भाग आहे. लागुना हा स्पेनचा नामांकित वैद्य. डायोस्कोरिडीसच्या प्राचीन औषधिग्रंथाचे त्याने स्पॅनिशमध्ये भाषांतर केले आणि १५५५ मध्ये अँटवर्पला ते छापले गेले. सोलॅनमच्या प्रकरणावर टीप देताना तो दहा वर्षांपूर्वीची हकिगत सांगतो. १५४५ मध्ये तो मेत्झ शहराचा वैद्य होता. लोरेनचा ड्यूक आजारी पडला आणि नान्सीजवळच्या एका आश्रमवजा घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या नवरा-बायकोवर चेटकाचा संशय आला. त्यांच्याकडे एक बरणी सापडली. तीत पोपुलेऑनसारखे हिरवे मलम होते आणि त्याचा वास इतका उग्र होता की लागुनाने त्यात हेमलॉक, सोलॅनम, खुरासानी ओवा आणि मँड्रेक असल्याचे ओळखले. अधिकाऱ्याशी त्याची ओळख होती, म्हणून त्याला त्यातले थोडे मिळाले. मेत्झच्या जल्लादाची बायको नवऱ्याच्या संशयाने झोप उडून वेडीपिशी झाली होती. लागुनाने ते मलम तिच्या अंगाला लावले. ती सशासारखे डोळे उघडे ठेवून झोपली ती छत्तीस तास. मोठ्या मुश्किलीने जागे केल्यावर ती रागावली: जगातल्या सगळ्या सुखांत असताना मला का उठवलेत? मग नवऱ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली की तुझ्यापेक्षा तरुण आणि देखणा यार मी केला आहे.

लागुनावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण त्याची हकिगत नेमके काय सिद्ध करते? अशा वनस्पतींचे मलम त्वचेतून शरीरात शिरते आणि लांब, चमत्कारिक स्वप्नांची झोप आणते, हे सिद्ध होते. या वनस्पतींत असणाऱ्या अट्रोपीन आणि स्कोपोलामीन यांच्याविषयी आज जे माहीत आहे त्याच्याशी ते जुळते आणि बोटीवर मळमळ होऊ नये म्हणून कानामागे स्कोपोलामीनची पट्टी आजही लावतात. पण जल्लादाच्या बायकोला सैतानाचा मेळा दिसला नाही. ती उडाली नाही, बोकडाला नमली नाही, कोणाचे मूल तिने खाल्ले नाही. जिचा नवरा दुसऱ्या बायकांकडे जातो असा तिला संशय होता, तिला स्वप्न पडले ते त्याच्यावर सूड उगवल्याचे. औषधाने झोप दिली. झोपेतली गोष्ट तिच्या घरातून आली. मग युरोपभरच्या शेकडो जबान्यांत तोच मेळा, तेच जेवण, तोच करार का येतो, याचे कारण वनस्पतीत शोधून सापडणार नाही. ते प्रश्नावलीत सापडते, कारण प्रश्न विचारणाऱ्यांनी तीच पुस्तके वाचलेली होती. आणि नान्सीच्या म्हाताऱ्यांच्या घरातली बरणी ही एखाद्या गावठी वैदूच्या घरात सापडेल अशी झोपेच्या औषधाची बरणी होती, हा साधा अर्थ लागुनाच्या स्वतःच्या तुलनेतूनच निघतो. ते पोपुलेऑनसारखे दिसले, कारण ते बहुधा तसेच काहीतरी होते.

या वैद्यांचा हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानतो. क्लीव्हच्या ड्यूकचा वैद्य योहान व्हायर याने १५६३ मध्ये बाझेलला छापलेल्या ग्रंथात चेटकिणी जाळण्याविरुद्ध जे लिहिले तेवढे धाडसाने त्याच्या काळात फार थोड्यांनी लिहिले. पोर्ता आणि कार्दानो यांच्या कृती त्याने पुढे ठेवल्या आणि म्हटले, पाहा, या बायकांची मने या वनस्पतींनी बिघडलेली आहेत. त्याच्या ग्रंथात वृद्ध बायकांच्या विषण्णतेचा, कायद्याच्या उणिवांचा असा बराच दुसरा युक्तिवाद आहे आणि त्याचा परिणाम जिथे झाला तिथे त्यानेच झाला. वनस्पतींचा युक्तिवाद मात्र आरोपीच्या अंगावर उलटला. मलम नैसर्गिक आहे असे म्हणताना ते आहे, आणि ती ते मध्यरात्री चोळते, हे व्हायरने मान्यच केले. १५८० मध्ये फ्रेंच कायदेपंडित जाँ बोदँ याने व्हायरवर तुटून पडताना असल्या कृती छापून जगाला विष शिकवल्याचा ठपका ठेवला आणि पोर्तालाही त्यात ओढले. पोर्ताने १५८९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत ते प्रकरण गाळून टाकले. धर्मपंडितांनाही अडचण उरली नाही: वनस्पती झोप आणत असेल, सैतान त्याच झोपेत आपले काम करतो, आणि त्याला भेटायची इच्छा धरून मलम चोळणे हाच गुन्हा.

तीच रसायने, तोच परिणाम, पण भोवती चेटकाची गोष्ट नाही, असे उदाहरण व्हायरचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १५६३ मध्ये, गोव्यात छापले गेले. मुंबई बेटाचा खंडकरी म्हणूनही आपल्याला ठाऊक असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने आपल्या संवादरूप औषधिग्रंथात धोतऱ्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. एका घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारून किल्ल्या आणि दागिने लांबवले, असा तिथला प्रसंग आहे. धोतरा खाल्लेला माणूस असंबद्ध बोलतो, सारखा हसतो, अंगावरचे दागिने कोणी काढून घेतले तरी अडवत नाही, असे ओर्ता लिहितो आणि वांती करवून एका दिवसात रोगी कसा शुद्धीवर आणायचा ते सांगतो. खुरासानी ओवा आणि बेलाडोना ज्या रसायनांनी काम करतात तीच धोतऱ्यात आहेत. इथे कोणी उडाले नाही, कोणी सैतानाला भेटले नाही. गुन्हा चोरीचा आहे. इन्क्विझिशन हे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय तोवर गोव्यात येऊन पोहोचले होते आणि ते किती निर्दय होते हे ओर्ताच्या घराण्याने भोगले. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ मध्ये गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. तरीही धोतऱ्याच्या धुंदीतून तिथे सैतानाचा मेळा निर्माण झाला नाही, कारण तिथे त्या मेळ्याची गोष्ट प्रश्नकर्त्यांच्या डोक्यात नव्हती.

मलमाचा प्रश्न ज्याने खरोखर सरळ विचारला तो वैद्य नव्हता, इन्क्विझिटर होता. उत्तर स्पेनमधल्या लोग्रोन्यो इथे नोव्हेंबर १६१० मध्ये झालेल्या जाहीर शिक्षासमारंभात बास्क प्रदेशातल्या सहा जणांना जिवंत जाळले आणि तुरुंगातच मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. पण मुलांनी, शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी दिलेल्या जबान्या थांबेनात. तेव्हा तिथल्या तीन इन्क्विझिटरांपैकी सगळ्यात नवा, आलोन्सो दे सालाझार फ्रियास, माफीचे फर्मान घेऊन मे १६११ मध्ये गावोगाव निघाला आणि जानेवारी १६१२ मध्ये परतला. आठ महिन्यांत १,८०२ जणांनी त्याच्यासमोर कबुली दिली किंवा आधीची कबुली मागे घेतली. त्यांत १,३८४ लहान मुले होती. सालाझार प्रत्येकाला एकट्याला विचारत असे: मेळा कुठे भरला, कुठून गेलात, कोण होते, अंगाला काय लावले. लोकांना ठिकाणे दाखवायला लावली तर जबान्या एकमेकींशी जुळेनात. मेळ्यात भ्रष्ट झाल्याचे सांगणाऱ्या मुली तपासणीत कुमारिका निघाल्या. आणि मलमे व भुकट्या त्याने मागवून घेतल्या. बावीस बरण्या जमा झाल्या. वैद्य आणि औषधविक्यांना दाखवल्या, जनावरांवर वापरून पाहिल्या. एकीतही विष किंवा गुंगी आणणारे द्रव्य निघाले नाही. ज्यांनी त्या आणून दिल्या त्यांनीच सांगितले की मलम दाखव म्हणून इतका तगादा लागला होता की घरात मिळेल त्यातून काहीतरी कालवून दिले.

या बावीस बरण्यांना मी इतके महत्त्व देतो, कारण मलमाच्या इतिहासात इतक्या शिस्तीने केलेली दुसरी तपासणी माझ्या पाहण्यात नाही. कार्दानो, पोर्ता, इंग्लिश तत्त्वज्ञ बेकन यांनी कृती लिहिल्या. बरण्या गोळा करून कोणी तपासल्या नाहीत. फ्रान्सिस बेकन तर १६२० च्या दशकातही खुरासानी ओवा, मँड्रेक, तंबाखू, अफू, केशर अशी झोपेची यादी देतो आणि ती त्याने अंदाजाने केलेली आहे हे त्याच्याच वाक्यांवरून कळते. सालाझारच्या अहवालाचा परिणाम मोजता येतो. २९ ऑगस्ट १६१४ रोजी स्पेनच्या सर्वोच्च इन्क्विझिशनने नवे नियम काढले, ज्यांत निव्वळ कबुलीवर विसंबू नये, बाहेरचा पुरावा पाहावा असे बजावले; त्यानंतर इन्क्विझिशनने चेटकासाठी लोकांना जाळणे जवळजवळ थांबवले. कॅटलोनियातल्या गावच्या न्यायालयांनी पुढेही लोकांना फाशी दिले, ते इन्क्विझिशनच्या आवाक्याबाहेर होते. जर्मनीत मात्र १६२६ ते १६३१ च्या दरम्यान बांबर्ग आणि व्युर्त्सबुर्ग या दोन बिशपांच्या संस्थानांत शेकडो लोक जळाले. व्हायरचे पुस्तक तोवर साठ वर्षांहून जुने झाले होते.

विसाव्या शतकात हे मलम पुन्हा शिजले. १९२१ मध्ये मार्गरेट मरे यांच्या चेटूकपंथावरच्या पुस्तकाला औषधशास्त्रज्ञ ए. जे. क्लार्क यांनी परिशिष्ट जोडले: बचनाग हृदयाची लय बिघडवतो, बेलाडोना उन्माद आणतो, दोन्ही मिळून उडाल्यासारखे वाटू शकेल. १९६० मध्ये जर्मन लोकसंस्कृतीचे अभ्यासक व्हिल-एरिश पॉइकर्ट यांनी पोर्ताच्या कृतीने मलम करून स्वतःला लावल्याचे आणि उड्डाणाची, नाचाची स्वप्ने पडल्याचे सांगितले. १९७३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी झाडूची दांडी हेच मलम लावण्याचे साधन असल्याचे मांडले. प्रतिवाद असा केला जातो की इतक्या जणांना शरीरावर अनुभव आला, मग शंका कसली? पण पॉइकर्ट आयुष्यभर चेटकिणींच्या दंतकथा वाचत आले होते. त्यांना जल्लादाच्या बायकोचे स्वप्न पडण्यापेक्षा मेळ्याचे पडणे साहजिक होते. हार्नर यांचा एक प्रमुख आधार म्हणजे १३२४ साली आयर्लंडमधल्या किल्केनी इथे ॲलिस किटेलरच्या घरात मलमाची नळी सापडली आणि त्यातले मलम काठीला चोळून ती त्यावर बसे, हे वाक्य. ते खटल्याच्या वेळचे नाही. ते १५७७ मध्ये छापलेल्या हॉलिनशेडच्या बखरीतले आहे, अडीचशे वर्षांनंतरचे, जेव्हा काठीला मलम फासण्याची गोष्ट पुस्तकांतून सगळीकडे पसरलेली होती. क्लार्क यांच्या रसायनशास्त्रात चूक नाही. पण बचनाग काय करू शकतो याने तो कोणी वापरला हे ठरत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. दप्तर पुरुषांनी लिहिले, बायकांचे ज्ञान तोंडी होते, तेव्हा कागदावर नाही म्हणून ते नव्हतेच असे कसे म्हणावे? मलाही तसे म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे की बायकांचे औषधीज्ञान दप्तरात आहे, फक्त ते शोधणारे चुकीच्या वनस्पती शोधत आहेत. स्कॉटलंडमध्ये आयरशायरच्या बेसी डनलॉपला १५७६ मध्ये शिक्षा झाली. औषधे आपल्याला पिंकीच्या लढाईत मेलेल्या टॉम रीडच्या भुताने शिकवली असे तिने सांगितले. एका आजारी स्त्रीसाठी तिने दिलेले औषध होते आले, लवंग, बडीशेपेसारखे ॲनिस आणि ज्येष्ठमध कडक बिअरमध्ये उकळून, वर साखर घालून. कोणत्याही घरी चालेल असा काढा. सेंट जॉनच्या नावाची पिवळी फुले, व्हर्व्हेन, दवण्याच्या कुळातला मगवर्ट, सताप या वनस्पती २३ जूनच्या रात्री तोडून दारावर आणि गोठ्यावर बांधल्या जात, त्या चेटकापासून वाचण्यासाठी. मँड्रेकची मुळे विकली जात ती भरभराटीसाठी, आणि त्यांतली बरीच ब्रायोनीची मुळे कोरून केलेली बनावट असत. जॉन जेरार्ड या इंग्लिश वनस्पतिज्ञाने १५९७ मध्ये मँड्रेक उपटताना किंचाळतो ही समजूत खोटी ठरवली, आपण स्वतः ती खणून लावलेली आहेत असे सांगून. गावकरी वनस्पतीकडे बहुतेक वेळा ढाल म्हणून पाहत होते. सुईणींना त्यांच्या औषधीज्ञानासाठी वेचून जाळले ही आज लोकप्रिय असलेली समजूतही खटल्यांच्या नोंदींशी जुळत नाही. इतिहासकार डेव्हिड हार्ली यांनी १९९० मध्ये दाखवले की आरोपींत सुईणी विशेष संख्येने नव्हत्या.

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या सेंट ओसिथ गावची उर्सुला केंप हिचा खटला १५८२ चा आहे आणि त्यात सारे धागे एकाच ठिकाणी येतात. उर्सुला दाईपणा आणि पाय धरलेल्यांवर उपचार करी. स्वतःचे पाय धरले होते तेव्हा वीली गावच्या एका बाईने तिला शिकवलेला उपाय तिने न्यायाधीशाला सविस्तर सांगितला: डुकराची लीद आणि चर्व्हिल एकत्र करून डाव्या हातात धरायचे, सुरीने तीनदा टोचायचे, विस्तवात टाकायचे, मग सेजची तीन पाने आणि तितकीच सेंट जॉनची वनस्पती एल नावाच्या बिअरमध्ये घालून रात्री निजताना आणि सकाळी उठल्यावर प्यायची. शेजारीण ग्रेस थर्लो हिने याच उपायासाठी बारा पेन्स कबूल केले आणि नंतर गरिबीचे कारण सांगून द्यायचे नाकारले. भांडण तिथून वाढले. न्यायाधीश ब्रायन डार्सी याने कबुली देणाऱ्यावर मेहेरनजर होईल असे उर्सुलाला सांगितले. ती रडत गुडघ्यांवर बसली आणि दोन मांजरे, एक बेडूक आणि एक कोकरू अशी चार भुते आपल्याजवळ असल्याचे तिने कबूल केले. तिच्या आठ वर्षांच्या मुलानेही तशीच साक्ष दिली. तिला फाशी झाली ती चेटकाने तीन जीव घेतल्याच्या आरोपावरून. दोनच वर्षांनी केंटच्या रेजिनाल्ड स्कॉटने चेटकाच्या खटल्यांवर टीका करणारे आपले मोठे पुस्तक छापले, त्यात सेंट ओसिथच्या खटल्यावर कोरडे ओढले, आणि त्याच पुस्तकात पोर्ताच्या मलमाची कृतीही दिली. उर्सुलाचा सेज आणि एलचा काढा त्या कृतीत कुठेच बसत नव्हता.